दीपमाला चालू पार्ट

अमरावतीत बडनेऱ्याच्या अंगाला एक कापसाची जिनिंग बंद पडून आहे. आधी कामगार गेले, मग यंत्रं गेली, मग पत्रे गेले. विटांची लांबलचक भिंत कुणाला उचलून नेता आली नाही, म्हणून ती उरली. तिच्या आडोशाला दर रविवारी जुन्या गाड्यांच्या पार्टांचा बाजार भरतो. जीपचा गिअरबॉक्स, व्हॅनचा दरवाजा, ट्रॅक्टरचा डायनामो, कधीकाळी कुणा डॉक्टरच्या मोटारीवर मिरवलेला आरसा, सगळं ताडपत्र्यांवर मांडलेलं असतं. अचलपूरहून, तिवशाहून, थेट अकोल्याहून माणसं येतात. गाडी म्हातारी झाली की शोरूममधला टाय लावलेला पोरगा मालकाकडे असा बघतो, जणू तो मढं घेऊनच दारात आलाय. या बाजारात निदान तिची नाडी तरी बघतात.

बाजाराच्या ओळी दोन. एक भिंतीची, एक समोर नाल्याच्या काठाची. नाल्याच्या ओळीत माल ‘जसं हाय तसं’ विकला जातो. उचला, न्या, घरी गेल्यावर चालला तर तुमचं नशीब, नाही चालला तर परत आणू नका. भिंतीच्या ओळीत मात्र गिऱ्हाईक पार्ट हातात घेऊन एकच शब्द विचारतं, “चालू?” आणि विकणारा मोठ्याने सांगतो, “चालू.” मग त्याच्या डाव्या आणि उजव्या हाताला बसलेले दोघे शेजारी म्हणतात, “आयकलं.” झाला सौदा पक्का. पावती नाही, सही नाही. पुढच्या रविवारी तो पार्ट कुरकुरला तर विकणाऱ्याने हुज्जत न घालता परत घ्यायचा, कारण दोन माणसांनी त्याचा शब्द ऐकलेला आहे. नव्याने बसलेल्या ज्याच्या शब्दाला दसऱ्यापर्यंत एकदाही दोन्ही बाजूंचं ‘आयकलं’ मिळालं नाही, त्याची जागा दसऱ्याला जाते. दसऱ्याच्या दिवशी भिंतीवर चुन्याने नव्याने रेघा मारतात आणि असा माणूस नाल्याकडे सरकतो.

आता आपल्या भाषेचा खोडसाळपणा बघा. पार्ट चालू म्हणजे अस्सल, भरवशाचा. आणि बाई चालू म्हणजे काय, हे महाराष्ट्रातलं शेंबडं पोरगंही सांगेल. म्हणून भिंतीच्या ओळीत बाई कधी बसलीच नाही. कुणी मनाई केलेली नव्हती, फक्त भर बाजारात उभं राहून तो शब्द ओरडायची सोय नव्हती. पार्बताबाईंचंच बघा. नवऱ्यामागे त्या वर्षानुवर्षं हेडलाइट विकत होत्या, भिंतीवरच्या कुठल्याही गड्यापेक्षा चांगले, आणि ते सगळे ‘जसं हाय तसं’मध्ये मातीमोल जात होते.

त्या भिंतीशी यंदा दीपमाला बसली होती.

तिच्या बापाची, श्रावणची, जागा बरोबर भिंतीच्या मधोमध होती. श्रावण सेल्फ आणि डायनामोवाला. गाडीची चावी फिरवल्यावर इंजिनला पहिली लाथ घालतो तो सेल्फ. जळका सेल्फ उघडायचा, तार नव्याने भरायची, बॅटरीवर फिरवून बघायचा आणि मगच तोंडातून शब्द काढायचा, असं त्याचं काम. दीपमाला लहानपणापासून त्याच्या शेजारी बसून तारा गुंडाळत आली होती. उन्हाळ्यात श्रावणला लकवा मारला. हात थोडा सावरला, पण तोंड वाकडं झालं ते झालंच आणि शब्द फुटेना. घरी खाटेवर बसून तो अजून एका हाताने सेल्फ उघडत होता, पण भिंतीशी बसून शब्द देणारं तोंड गेलं होतं. दीपमाला म्हणाली, मी बसते.

पहिल्याच रविवारी खुशालराव उठून तिच्याकडे आले. खुशालराव तिचे उजव्या हाताचे शेजारी, गिअरबॉक्सवाले. जुने ट्रक ड्रायव्हर, श्रावणचे दोस्त, इतके की दोघांनी एका डब्यात खाल्लेलं. त्यांच्याबद्दल बाजारात कुणालाही विचारा, एक गोष्ट सगळे सांगतील, की हा माणूस खोटं बोलत नाही. हट्टी आहे, तिरसट आहे, पण खोटं नाही.

“हे पाय दीपमाला,” ते म्हणाले, “तू श्रावणची पोरगी, म्हंजे माहीच पोरगी. तू इथं उभी राहून तो शब्द बोलशीन अन् हे पोट्टे दात काढतीन, ते मले पायवत नाई. तू नाल्याकडं बस. तिथं तुले कोनी इचारत नाई.”

“कोनी इचारत नाई म्हनूनच तिथं बसत नाई, काका.”

“मंग मी काई ‘आयकलं’ म्हननार नाई.”

“आयकू आलं तरी?”

खुशालरावांनी क्षणभर विचार केला. खोटं बोलणं त्यांना जमणारं नव्हतं. “मी आयकू येऊच देनार नाई,” ते म्हणाले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

आणि त्यांनी ते करून दाखवलं. त्यांच्याकडे ट्रकचा एक गंजका ब्रेक ड्रम होता. दीपमालाच्या हातातला पार्ट बॅटरीवर फिरला आणि गिऱ्हाइकाने तोंड उघडलं, की खुशालराव हातोडा उचलून त्या ड्रमवर घणाघण घालायला लागत. सौदा संपला की हातोडा खाली. ड्रम सरळ होत होता की वाकडा, देव जाणे.

तसा त्या पहिल्या रविवारी हातोड्याची फारशी गरज पडली नाही, कारण दीपमालाच्याच गळ्यात तो शब्द अडकला. तिवशाच्या एका माणसाने डायनामो उचलून विचारलं, “चालू?” ती म्हणाली, “ठीक हाय.” तो म्हणाला, “ठीक म्हंजे? चालू का नाई ते सांग.” ती हळूच म्हणाली, “चालू.” चहाच्या गाडीपाशी टवाळ पोट्ट्यांचा घोळका होता, त्यातून आवाज आला, “बाई चालू हाय म्हंते गा.” जो हशा पिकला, तो तिच्या कानात घरी जाईपर्यंत होता. डायनामो काही विकला गेला नाही.

हा शब्द तिला दुसऱ्यांदा झेलावा लागत होता, म्हणून तो अडकला. पहिल्यांदा तो तिच्या तोंडावर अकोल्यात फेकला गेला होता.

अकोल्यात तिचं सासर. नवरा संघपाल, पांढऱ्या व्हॅनवर भाड्याने लोकांना नेणारा. माणूस मारकुटा नाही, दारुडा नाही. फक्त तोंड उघडायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. त्या व्हॅनचा सेल्फ लग्नाच्या वरातीपासूनच मेलेला होता. रोज सकाळी संघपाल स्टिअरिंगवर आणि दीपमाला मागे, पदर खोचून धक्का मारायला. गाडी सुरू झाली की तो थांबत नसे, कारण थांबला की पुन्हा बंद पडेल. मग ती पळत जाऊन चालत्या गाडीत चढायची, बाजारहाट असो की कुणाचं लग्न. “सेल्फ बदल,” ती म्हणायची. तो म्हणायचा, “चालते तवरोक चालते.” शेवटी एक दिवस ती स्वतःच गॅरेजमध्ये गेली आणि चार गड्यांच्या मधे उभी राहून, इंजिनमध्ये कोपरापर्यंत हात घालून सेल्फ खोलायला लागली. ते कुणीतरी पाहिलं. सासूकडे बातमी पोहोचेपर्यंत इंजिन गळून पडलं होतं आणि चार गडी तेवढे उरले होते.

विहारामागच्या खोलीत बैठक बसली. पाच शहाणी माणसं आली होती. सासू मनकर्णाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “पोरगी चालू हाय. आमच्या घरी चालनार नाई.” दीपमालाने संघपालकडे पाहिलं. सेल्फ कुणाचा, गाडी कुणाची, धक्का कोण मारतं, सगळं त्याला ठाऊक होतं. तो आपल्या चपलांकडे बघत बसला. ती त्याच दिवशी एसटीने अमरावतीला आली. चपलांकडे बघणाऱ्या माणसाबरोबर आयुष्य काढायची तिची तयारी नव्हती.

दुसऱ्या रविवारी ती माल घेऊन बाजारात आली, तर तिच्या जागेमागे भिंतीवर कोळशाने हातभर अक्षरात लिहिलेलं होतं, ‘दीपमाला चालू’. सगळी ओळ एकदम कामात गुंतली. कुणी नट मोजत होतं, कुणी टायर झटकत होतं. डाव्या हाताचा गोवर्धन, रेडिएटरवाला, फडकं घेऊन आला आणि मान खाली घालून म्हणाला, “ताई, मी पुसून टाकतो.”

तिच्या अंगाचा नुसता जाळ झाला होता. रडू आलं असतं, पण ते कुणासाठी रडायचं, या भिंतीसाठी? ती त्या अक्षरांकडे बघत राहिली. अक्षर वाईट नव्हतं, वेलांटीसुद्धा जागेवर होती.

“फडकं नको, गोवर्धनभाऊ,” ती म्हणाली. “तुयाकडचा काया रंग दे. ज्यानं तू रेडिएटर रंगवतं, तो.”

त्याने डबा आणि ब्रश दिला. तिने कोळशाच्या अक्षरांवरून तो काळा रंग फिरवला, पावसाने जाऊ नयेत असा जाडसर. मग पुढे जागा होती तिथे आणखी एक शब्द लिहिला, ‘पार्ट’. दोन पावलं मागे सरून वाचलं. ‘दीपमाला चालू पार्ट’. तिला वाटलं, काही वाईट नाही. बापाला उभ्या जन्मात पाटी जमली नव्हती.

चहाच्या गाडीवरचं खिदळणं त्या दिवशी जरा अडखळलं. ज्याने कोळसा चालवला होता, त्याचा घास ताटातून गेला होता. आणि बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला ना बैठक ठाऊक, ना टवाळी, ते पाटी वाचत येई आणि विचारी, “दीपमाला कोन हाय? चालू पार्ट भेटते म्हंते इथं.” एकाने विचारलं, दुसऱ्याने विचारलं, आणि तिसऱ्याला ती खणखणीत आवाजात म्हणाली, “चालू.” गोवर्धनने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग आपल्या फडक्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “आयकलं.”

उजवीकडे हातोडा घणघणत होता.

असा पावसाळा गेला. डावीकडचं ‘आयकलं’ मिळायचं, उजवीकडचा घण मिळायचा. एका बाजूच्या साक्षीवर माल घेणारे थोडे, बाकीचे पार्ट खाली ठेवून पुढे जायचे. कित्येकदा तिने फिरवून दाखवलेला, बापाने भरलेला सेल्फ गिऱ्हाईक हातात तोलायचं, खुशालरावांकडे बघायचं आणि “पाहू मंग” म्हणून निघून जायचं. तो राग ती गिळायची आणि घरी बापाला सांगायची नाही. तो मात्र खाटेवरून तिच्या परत आणलेल्या मालाकडे बघून सगळं समजायचा. त्याचा वाकडा ओठ हलायचा, शब्द यायचा नाही.

एकदा पार्बताबाई पाणी प्यायला भिंतीकडे आल्या. म्हणाल्या, “पोरी, येते का नाल्याकडं? माह्या बाजूले जागा हाय. हासनं तरी बंद होईन.”

“तुमी गेल्या, तं बंद झालं काय मावशी?”

पार्बताबाईंनी पाणी प्यायलं, तोंड पुसलं. “माह्यावर कोनी हासलंच नाई,” त्या म्हणाल्या. “मी तोंडच नाई उघडलं नं कधी.” आणि त्या परत गेल्या, पण जाताना त्यांनी भिंतीवरची पाटी पुन्हा एकदा वाचली.

दसऱ्याआधीचा शेवटचा रविवार आला. वस्तीत नागपूरला दीक्षाभूमीला जायची तयारी चाललेली, निळ्या झेंड्यांना काठ्या लावणं चाललेलं. बाजारात चुन्याची बादली भिंतीच्या टोकाला येऊन बसली होती. दीपमालाला पक्कं ठाऊक होतं, आज उजवीकडून एक शब्द आला नाही, तर बापाची जागा गेली. पाटी भिंतीवर राहील आणि ती नाल्याकडे.

दुपार कलायच्या आधी तिला एक आवाज ऐकू आला. फाटकापाशी उतारावर एक गाडी उभी होती, इंजिन चालूच, खोकत, दचकत. हा आवाज तिने झोपेतही ओळखला असता. त्या आवाजामागे पळून पळून तिच्या पोटऱ्या दुखल्या होत्या.

संघपाल आत आला. ओळीत एकेका मालाकडे बघत, मागे वळून गाडीकडे बघत. सेल्फच्या मांडणीपाशी थांबला, मग भिंतीवर वाचलं, मग खाली पाहिलं.

“तू इथं बसतं?” तो म्हणाला.

“वाचता येते नं?”

निघून जावं, असं त्याला वाटत असावं, पण फाटकाकडून इंजिन खोकलं आणि त्याने विचार बदलला. “सेल्फ पायजे व्हता व्हॅनचा. दसऱ्याच्या नागपूरच्या फेऱ्या ठरल्या. समद्या म्हाताऱ्या बाया हायत. त्याइले धक्का माराले कसं सांगू?”

“मले सांगत होता तसं सांग.”

गोवर्धन रेडिएटरमागे वाकला. तो हसत होता की काही शोधत होता, ते कळलं नाही.

दीपमालाने व्हॅनचा सेल्फ उचलून पुढे ठेवला. बापाने मागच्याच आठवड्यात भरलेला, पुसून लख्ख केलेला. संघपाल खिशात हात घालत म्हणाला, “दे मंग. जसं हाय तसं.”

“जसं हाय तसं नाल्याकडं भेटते. ही भिंत हाय. इथं इचारा लागते.”

“चांगलाच असन. तू देऊन राहिली म्हंजे...”

“इचार.”

त्याने दोन्हीकडे पाहिलं. माणसं थांबायला लागली होती, चहाची गाडीही गप्प झाली होती. तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “चालू हाय का?”

“कोन?”

“सेल्फ,” तो घाईने म्हणाला. “सेल्फ चालू हाय का?”

तिने सेल्फ पायाखाली दाबून धरला, बॅटरीच्या तारा लावल्या. ठिणगी उडाली, सेल्फने पायाला झटका दिला आणि असा घुमला की ताडपत्री थरथरली. तिने तार काढली, सरळ उभी राहिली आणि म्हणाली, “चालू.”

“आयकलं,” गोवर्धन म्हणाला.

उजवीकडे हातोडा ड्रमवर पडायला लागला होता. घण, घण, घण.

“झालं,” संघपाल म्हणाला. “मले एका बाजूचं बस हाय.”

“तुले बस असन. मले नाई.” तिने सेल्फवर पाय ठेवला. “दोनी बाजूचं झाल्याबिगर हा इथून हालनार नाई.”

संघपाल जवळ सरकला. हातोड्याच्या आवाजात फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, “तमाशा नको करू. मले मालूम हाय तू तशी नोयती. मले तवाबी मालूम होतं.”

हे वाक्य ऐकायला मिळावं म्हणून ती कितीतरी रात्री जागली होती. त्याला माहीत नसेल, आईने त्याचे कान भरले असतील, अशी स्वतःची समजूत काढत आली होती. आणि आता तो सांगत होता, की त्याला माहीत होतं. तेव्हाही.

“मंग तवा काहून नाई बोलला?”

संघपालने आपल्या चपलांकडे पाहिलं.

तेच. तस्संच. दीपमालाच्या मनात काहीतरी होतं, ते त्या क्षणी मिटलं. बैठक संपली, असं तिला वाटलं. त्याच्या तोंडून निघालेलं हे वाक्यही नाल्याच्या ओळीतलंच होतं, लावलं तरी काही सुरू न होणारं. या माणसाने आपल्यासाठी बोलावं म्हणून आपण थांबलो होतो, याचीच तिला आता चीड आली.

ती मागच्या लोखंडी पेटीवर चढली. हातोडा जोरात आला. तिने आवाज चढवला, “सेल्फ चालू हाय.” घण. “सेल्फ चालू हाय.” घण, घण. खुशालरावांच्या कपाळावर घाम आला होता, पण हात थांबत नव्हता. मग तिने छातीत हवा भरली आणि पोटापासून ओरडली, इतकं की तिचा स्वतःचा गळा तिला अनोळखी वाटला.

“सेल्फ चालू हाय. अन् मीबी चालू हाय. मी बंद पडली नाई. मी कोनाच्या धक्क्यावर चालत नाई.”

भिंतीवरून तो आवाज परत फिरला आणि सगळं मैदान ओलांडून गेला. तिकडे, नाल्याच्या काठावर, पार्बताबाई हेडलाइट हातात घेऊन उभ्या राहिल्या.

“आयकलं वं,” त्या म्हणाल्या, तशाच मोठ्याने.

नाल्याकडची माणसं भिंतीच्या सौद्यात कधी तोंड घालत नसत. पण त्यांच्या बाजूची रबरवाली म्हणाली, “आयकलं.” तिच्याही पलीकडून कुणी म्हणालं. चहाच्या गाडीपाशी हशा झाला, पण या वेळी सगळे बघत होते ते संघपालकडे.

खुशालरावांचा हातोडा वरच्या वर थांबला होता. त्यांनी मान वळवून नाल्याकडे पाहिलं, मग हातातल्या हातोड्याकडे. भिंतीवरचा शब्द नाल्यापर्यंत पोहोचला होता, आणि ते हातभरावर बसले होते. ऐकू आलं नाही असं म्हणणं म्हणजे आता सरळसरळ खोटं बोलणं होतं. फाटकाकडे इंजिन तेवढं खोकत होतं.

त्यांनी हातोडा खाली ठेवला. “आयकलं,” ते ड्रमकडे बघत पुटपुटले.

“मोठ्यानं, काका. गिऱ्हाईकाले आयकू आलं पायजे.”

“आयकलं म्हनलं नं,” खुशालराव ओरडले. “बहिरा नाई मी.”

“मले वाटलं होतं तुमी हाय.”

म्हाताऱ्याच्या मिशा हलल्या. रागाने हलल्या की कशाने, हे त्याचं त्यालाच माहीत. त्याने ड्रम पायाने दूर ढकलला आणि चहा मागवला. थोड्या वेळाने एक कप दीपमालाकडेही आला, कुणी पाठवला ते न सांगता.

तिने पेटीवरून उतरून सेल्फ कागदात गुंडाळला आणि संघपालच्या हातात दिला. त्याला काही बोलायचं असावं, पण तिने दुसरा डायनामो पुसायला घेतला होता. फाटकाजवळच्या मिस्त्रीने त्याच्या गाडीला सेल्फ बसवला. त्यासाठी इंजिन बंद करावं लागलं, आणि संघपालने चावी काढताना असा चेहरा केला, जणू आता ती गाडी कायमचीच गेली. मग त्याने चावी फिरवली. पहिल्याच फटक्यात इंजिन सुरू झालं. धक्का नाही, पळणं नाही.

तरी तो लगेच निघाला नाही. आता त्याला थांबता येत होतं. गाडी एका जागी गुरगुरत उभी होती आणि तो आरशातून मागे बघत होता, कुणीतरी पळत येऊन चढायचं बाकी असल्यासारखा. दीपमालाने तो आरसा पाहिला आणि हातातल्या डायनामोची तार घट्ट केली. बऱ्याच वेळाने गाडी उतारावरून खाली गेली.

अचलपूरचा एक टेम्पोवाला तिच्यासमोर येऊन उकिडवा बसला. डायनामो उलटासुलटा करून बघितला.

“चालू?”

“चालू,” दीपमाला म्हणाली, आपल्या रोजच्या आवाजात. तिचा घसा बसला होता.

“आयकलं,” डावीकडून गोवर्धन म्हणाला.

“आयकलं,” उजवीकडून खुशालराव म्हणाले, बशीतला चहा फुंकत, वर न बघता.